‘द डार्क नाइट’ची उजळणी: प्रकल्प नोंदी

२ जून

विषय ठरला. जुलैत आमच्या चित्रपट मंडळात दोन तासांचं सत्र माझ्याकडे आहे. गाजलेला सुपरहिरोपट पुन्हा पुन्हा पाहिला तर टिकतो का, हा प्रश्न. मी बॅटमॅनचा ‘द डार्क नाइट’ घेतला. मंडळ चालवणाऱ्या ताईंचा चेहरा पडला. “अहो, तो तर सगळ्यांनी पाहिलाय.” म्हटलं, ताई, म्हणूनच घेतलाय. न पाहिलेला सिनेमा पुन्हा कसा पाहणार?

मानमरातबाचं आधी उरकतो, म्हणजे सत्रात त्यावर वेळ जाणार नाही. ख्रिस्तोफर नोलनचा हा चित्रपट १८ जुलै २००८ रोजी अमेरिकेत आला. लांबी १५२ मिनिटं. जगभरातून १०० कोटी डॉलरच्या वर कमाई. ऑस्करची ८ नामांकनं आणि २ पुरस्कार: खलनायक जोकर झालेल्या हीथ लेजरला मरणोत्तर, आणि ध्वनिसंकलनासाठी रिचर्ड किंगला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं साधं नामांकनही नाही. त्यावरून बरीच ओरड झाली, आणि पुढच्याच वर्षी अकादमीने त्या विभागातल्या जागा ५ वरून १० केल्या तेव्हा सगळ्यांनी बोट याच चित्रपटाकडे दाखवलं. २०२० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो जतन करायच्या चित्रपटांच्या यादीतही घेतला.

माझा प्रश्न त्या मानाने धंद्यातला आहे. मी पोटासाठी मालिका एडिट करतो. पहिल्या पाहण्यात सहज खपून गेलेला कट पुढे दर वेळी डोळ्यात खुपतो, हे टेबलावर रोज कळतं. तोच कस या चित्रपटाला लावायचा. आधी अख्खा सरळ पाहायचा, मग तुकडे करून: कधी आवाज बंद, कधी चित्र बंद, कधी एकाच पात्रामागे जात.

५ जून

बँकेवरचा दरोडा, आवाज बंद करून.

हा भाग टिकतो. नुसता टिकत नाही, दर वेळी त्यात नवं काही सापडतं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक माणूस पाठमोरा उभा आहे, खांदे पडलेले, हातात विदूषकाचा मुखवटा. पहिल्यांदा पाहताना तो टोळीतला कोणीतरी एक. नंतर कळतं की आपण जोकरला सगळ्यांत आधी पाहिलं ते पाठीकडून. मग आत बँकेत तो मुखवट्यांमधला एक होऊन वावरतो आणि आपण फक्त त्याच्याकडे बघत बसतो. मॅनेजर शॉटगन घेऊन बाहेर येतो. साथीदार विचारतो, याच्या गोळ्या संपल्या ना? मुखवटा किंचित थांबतो आणि मान हलवतो. साथीदार उठतो आणि गोळी खातो. ते थांबणं पहिल्यांदा कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्यांदा तो अख्ख्या प्रसंगातला सर्वांत भयंकर क्षण होतो.

मॅनेजर झालेला विल्यम फिक्टनर १९९५ च्या मायकल मानच्या ‘हीट’ या दरोडापटातही होता. नोलनने आपल्यावरचा ‘हीट’चा प्रभाव कधी लपवला नाही. ही निवड म्हणजे दाराशीच केलेला नमस्कार.

हा प्रसंग आयमॅक्स कॅमेऱ्यावर, म्हणजे अजस्र पडद्यासाठीच्या मोठ्या फिल्मवर, शिकागोच्या जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत झाला. मोठ्या कथापटात हे कॅमेरे वापरण्याची ही सुरुवात. एकूण सुमारे २८ मिनिटं त्या फिल्मवर आहेत. कॅमेरा अजस्र आणि आवाज करणारा. त्यात सगळी माणसं तोंड झाकलेली, म्हणजे संवाद नंतर भरले तरी ओठ जुळवायची पंचाईत नाही. हा माझा तर्क, पण एडिटरच्या मनात पहिला विचार हाच येतो.

एक खोट. शाळेची बस भिंत फोडून आत येते आणि विटांच्या धुरळ्यातून निघून इतर बसच्या रांगेत निवांत लागते. मागच्या बसच्या ड्रायव्हरला काहीच दिसत नाही? दर वेळी हसू येतं. पण खुपत नाही. विनोदाचा शेवट म्हणून तो कट इतका नेमक्या जागी आहे की माफ.

६ जून

ब्ल्यू-रे काढली. आयमॅक्सचे प्रसंग आले की वरखालच्या काळ्या पट्ट्या जातात आणि चित्र पडदाभर होतं. पट्ट्या गेल्या की काहीतरी मोठं होणार, हे दुसऱ्या पाहण्यापासून डोळ्यांना कळतं, आणि ते आयतं सूचन नकोसं वाटतं. तरीही सत्राला डिस्कच न्यायची.

११ जून

ट्रकचा पाठलाग. आज अख्खी संध्याकाळ यातच गेली.

२००८ मध्ये थिएटरमध्ये लोक याच प्रसंगाला टाळ्या पिटत होते. सरकारी वकील हार्वी डेंटने आपणच बॅटमॅन असल्याचं खोटंच सांगितलंय, त्याला पोलिसांच्या गाडीतून नेतायत, वाटेत पेटलेला बंब आडवा, ताफा खालच्या रस्त्यावर वळतो आणि जोकर ट्रक घेऊन मागे लागतो. शिकागोतला लोअर वॅकर ड्राइव्ह. याच चित्रीकरणात एका आयमॅक्स कॅमेऱ्याचा चुराडा झाला, आणि तेव्हा तसे कॅमेरे जगात मोजकेच होते.

मी शॉट टाइमलाइनवर मांडून प्रत्येकाखाली बाण काढले: कोणती गाडी कुठून कुठे. बाण एकमेकांवर आपटायला लागले. गाडी डावीकडे जाताना दिसते, पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे, आणि मध्ये वळण नाही की दिशा बदलल्याची खूण नाही. आमच्या भाषेत लाइन क्रॉस. कोण कोणाच्या पुढे आहे, ट्रक कोणत्या लेनमध्ये आहे, पोलिसांच्या किती गाड्या उरल्या, कशाचाच पत्ता लागत नाही. हे मी पहिल्यांदा शोधलं असंही नाही. अमेरिकन समीक्षक जिम एमर्सनने २०११ मध्ये याच प्रसंगाची शॉटगणिक चिरफाड करणारा व्हिडिओ निबंध केला होता. तेव्हा चाहते त्याच्यावर तुटून पडले. माणूस बरोबर होता.

पण मग पहिल्यांदा का चाललं? एक कारण कानांचं. या पाठलागाच्या बऱ्याच भागात संगीतच नाही. इंजिनं, टायर, काँक्रीटवर घासणारं लोखंड, बोगद्यातले प्रतिध्वनी. डोळे हरवले तरी कानांना आपण कुठे आहोत याची खात्री वाटत राहते. चित्र बंद करून ऐकलं तेव्हा प्रसंग कसा स्वच्छ लागला! रिचर्ड किंगचं ऑस्कर कशासाठी होतं ते आज नीट कळलं.

दुसरं कारण वेग. संकलक ली स्मिथ कोणत्याच शॉटवर तुम्हाला बसू देत नाही. प्रश्न पडायच्या आत पुढचा शॉट. पहिल्या वेळी ही युक्ती जिंकते. प्रश्न एकदा माहीत झाले की तोच वेग चिडवायला लागतो, कारण दर कटला काहीतरी लपवल्याचं दिसतं.

आणि मग लासाल स्ट्रीटवर ट्रक उलटतो. अठरा चाकांचं धूड नाकावर उभं राहतं, क्षणभर रेंगाळतं आणि पाठीवर आडवं होतं. शिकागोच्या बँकांच्या रस्त्यावर खरोखर उलटवलेला ट्रक. इथे कॅमेरा लांब उभा आहे, कट नाही, दिशेचा घोळ नाही. पाहून पाहून पाठ झालं तरी पोटात तेच होतं. पळताना घसरणारा सिनेमा थांबला की उभा राहतो. हे बाकीच्या प्रसंगांवर ताडून पाहायला हवं.

१४ जून

भाचा आला होता. बारावीत आहे, म्हणजे हा चित्रपट आला तेव्हा स्वारी जन्मलीही नव्हती. त्याने तो अख्खा कधी पाहिलेला नाही. पण जोकर त्याला तोंडपाठ. रिल्समध्ये तुकड्या-तुकड्यांनी सगळा पाहून झालाय. पेन्सिलची जादू (जोकर ती ‘गायब’ करतो, एकाचं डोकं तिच्यावर आपटून) आली तेव्हा शेवटचा झटका यायच्या आधीच हसला. माझ्या पिढीला त्या पेन्सिलने खुर्चीत दचकवलं होतं.

मग हार्वी डेंट आला आणि गडी सरळ बसला. त्याच्याबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं. डेंटची प्रेयसी रेचेल मरते तेव्हा म्हणाला, “मामा, थांब, ती खरंच गेली? मध्येच बोलता बोलता?” हो, वाक्य अर्धवट. पोलीस अधिकारी गॉर्डन मेला नाही हे कळल्यावर तर खुर्चीवरून उठलाच. रिल्सनी त्याच्यासाठी जोकर जुना केला आणि डेंट कोरा ठेवला. आज हा चित्रपट पहिल्यांदा पाहणारी बरीच पोरं अशीच असणार, अर्ध्या चित्रपटाची उजळणी आधीच झालेली.

बॅटमॅनच्या आवाजावर त्याचं मत: “घसा बसलाय का याचा?” माझ्याकडे बचाव नाही. छोट्या वाक्यांना तो आवाज चालतो. शेवटी ख्रिश्चन बेल त्याच आवाजात भाषण करायला लागतो तेव्हा मलाच खोकला येतो.

१५ जून

चौकशीची खोली. सत्राचा कणा हाच प्रसंग करणार.

सुरुवातीला टेबलावरचा एक दिवा, बाकी अंधार. गॉर्डन समोर बसून विचारतो, डेंट कुठे आहे? जोकर वेळ विचारतो. किती वाजलेत त्यावर अवलंबून, म्हणतो, डेंट एका जागी असेल किंवा अनेक जागी. पहिल्यांदा हे वाक्य नुसता चावटपणा वाटतं. स्फोट ठाऊक झाल्यावर ऐकलं की पोटात गोळा येतो. गॉर्डन बाहेर जातो, सगळे दिवे लागतात, खोली पांढरीफटक होते आणि जोकरच्या मागे बॅटमॅन उभा. म्हणजे तो आधीपासून तिथेच होता. मी मागे जाऊन अंधारात त्याला शोधत बसलो. हौस.

आणि मग काय होतं? काहीच नाही. दोन माणसं बोलतात. दिशा स्वच्छ, कोण कुठे बसलाय ते स्वच्छ, शॉट पुरेसे लांब. मार सुरू झाल्यावर कॅमेरा डुलायला लागतो, तोही हिशेबाने. हान्स झिमर आणि जेम्स न्यूटन हॉवर्ड यांच्या संगीतात जोकरच्या वाट्याला सूर जवळजवळ एकच. मार्टिन टिलमनच्या चेलोवर ताणलेला. त्या आवाजासाठी तारांवर दाढीच्या पात्यांचे प्रयोगही झाले होते. सूर वर चढतो आणि कुठेच सुटत नाही.

मार खाताना लेजर हसतो. या हसण्यावर पानंच्या पानं लिहून झालीत, मी भर घालत नाही. मला दर वेळी दिसतं ते वेगळं. मारून बॅटमॅनच्या हातात काही नाही हे जोकरला आधी कळतं, आपल्याला नंतर, आणि बॅटमॅनला सगळ्यांत शेवटी. या तीन वेळा लेजर चेहऱ्यावर वेगळ्या ठेवतो. पुढे जोकर दोन पत्ते सांगतो, डेंट आणि रेचेलला जिथे बॉम्बपाशी बांधलंय त्या जागांचे. ते उलटे आहेत हे माहीत असताना तो ते किती सहज, जवळजवळ कंटाळून सांगतो ते बघावं. बॅटमॅन रेचेलकडे म्हणून निघतो आणि डेंटपाशी पोचतो.

लेजर २२ जानेवारी २००८ रोजी गेला, २८ वर्षांचा. चित्रपट लागायला सहा महिने होते. अशा मृत्यूमुळे भूमिका मोठी वाटते, हा आक्षेप तेव्हाही होता. इतक्या वर्षांनी ते वलय उतरायला हवं होतं. उतरलं, आणि खाली कारागिरी दिसते: मान खाली घालून वर बघणं, वाक्याच्या मध्ये ओठ चाटणं, आवाज अचानक एक सप्तक खाली नेणं. मोजून केलेलं काम आहे.

१९ जून

पार्टी. ब्रूस वेनच्या, म्हणजे मुखवट्याबाहेरच्या बॅटमॅनच्या, घरात जोकर घुसतो, पाहुण्यांना धमकावतो, रेचेलला खिडकीबाहेर सोडतो. बॅटमॅन तिच्यामागे उडी मारतो, दोघं खाली गाडीच्या टपावर पडतात, दोन वाक्यं होतात आणि पुढचा प्रसंग. वर जोकर, त्याची माणसं आणि खोलीभर पाहुणे. त्यांचं काय झालं? चित्रपट विसरला. मी मालिकेत असा कट दिला तर चॅनेलवाले रात्री अकराला फोन करतील.

यातूनच जोकरच्या योजनेचा प्रश्न निघतो. हॉस्पिटलात तो डेंटला सांगतो की मी गाड्यांमागे धावणारा कुत्रा, माझ्याकडे कसली आलीय योजना? आणि याच माणसाच्या योजना मिनिटाला मिनिट जुळाव्या लागतात. अटक होणं, त्याच ठाण्यात माफियाचा पैसा सांभाळणारा लाउ असणं, कैद्याच्या पोटात बॉम्ब, दोन पत्ते, दोन स्फोट. पहिल्या नजरेला ही पटकथेची विसंगती वाटते. पुन्हा पाहताना वाटतं, तो डेंटशी चक्क खोटं बोलतोय, जसा तोंडावरच्या व्रणांची गोष्ट दर वेळी नवी सांगतो. एकदा बाप, एकदा बायको. हे वाचन मला आवडतं, पण पटकथेला त्यातून पूर्ण सूट द्यायची माझी तयारी नाही. पात्र खोटारडं आहे आणि कथानक ढिलं आहे, दोन्ही खरं.

२३ जून

सोनारचा भाग, म्हणजे प्रतिध्वनीवरून जागा टिपणाऱ्या यंत्राचा. शहरातल्या प्रत्येक फोनचा कान करून बॅटमॅन जोकरला शोधतो. त्याची यंत्रं पुरवणारा लूशियस फॉक्स म्हणतो, एका माणसाच्या हाती इतकी सत्ता नको, आणि एकदाच मदत करून राजीनामा देतो. २००८ मध्ये हे बुश सरकारच्या वॉरंटशिवाय चाललेल्या फोन टॅपिंगशी जोडून पाहिलं गेलं. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये अँड्र्यू क्लेव्हनने तर बॅटमॅन म्हणजेच बुश, असा कौतुकाचा लेख लिहिला होता. पाच वर्षांनी स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीचे कागद बाहेर काढले. आज पाहताना फॉक्सचा संताप भाबडा वाटतो, आणि काम झाल्यावर यंत्र स्वतःहून बंद पडतं हे त्याहून भाबडं. प्रसंग तसाच आहे. मधल्या काळाने त्याची हवा काढली. याला टिकणं म्हणायचं की नाही, हे सत्रात विचारणार.

दिसायलाही हा भाग गढूळ आहे. निळ्या-पांढऱ्या आकृत्या, ओलीस ठेवलेल्यांना विदूषकाचे मुखवटे, विदूषकांना डॉक्टरचे कपडे, खाली पोलीस, वर बॅटमॅन. कल्पना झकास, कोण कुठे ते शोधा. मग जोकर उलटा लटकतो, कॅमेरा हळूच फिरून त्याला सरळ करतो, त्याचा कोट तेवढा वर तरंगत राहतो. पुन्हा थांबला, पुन्हा उभा राहिला.

जोकरने बॉम्ब लावलेल्या दोन बोटींबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. स्फोट होणार नाही हे माहीत असलं की ताण शून्य. टायनी लिस्टरचा धिप्पाड कैदी उठतो तेवढा चेहरा उरतो.

२८ जून

शेवट, आधी आवाज बंद करून.

आवाज असताना शेवट असा आहे: रेचेल गेल्यावर खुनी झालेला डेंट खाली पडून मरतो, बॅटमॅन त्याचे खून स्वतःच्या अंगावर घेतो, गॉर्डन मुलाला समजावतो, संगीत चढत जातं, अंगावर काटा. नाव पडद्यावर येतं ते इथेच, सुरुवातीला नाही. आवाज काढला की उरतात काही माणसं आणि त्यांची कामं. वेनचा नोकर आल्फ्रेड रेचेलचं पत्र जाळतो. फॉक्सच्या समोर यंत्र बंद पडतं. गॉर्डन कुऱ्हाडीने दिवा फोडतो. एक माणूस कुत्र्यांपुढे पळतो. सगळी भली माणसं आणि जवळजवळ प्रत्येक जण काहीतरी नाहीसं करतोय किंवा लपवतोय. मग मागचं आठवतं: गॉर्डनने स्वतःच्या बायकोपासून मरणाचं नाटक लपवलं, डेंट खोटं बोलून बॅटमॅन झाला. चित्रपटभर खोटं सगळ्यांत जास्त बोलतात ती चांगली माणसं. पहिल्या वेळी हे दिसणं शक्यच नाही, कारण तेव्हा आपणही फसवलेल्यांत असतो. पुन्हा पाहण्याची खरी मिळकत माझ्यासाठी ही, आणि ती जोकरच्या वाट्याची नाही.

पण आवाज परत लावला की तर्क बोंबलतो. गॉर्डन म्हणतो पाच मेले, त्यात दोन पोलीस. डेंटच्या हातून पोलीस मरताना आपण एकच पाहिला. दुसऱ्या पोलिसाला, रामिरेझला, तर त्याने नाण्याच्या कौलावर जिवंत सोडलं, नुसतं पाडलं. आणि मोठा प्रश्न: खून जोकरच्या टोळीच्या नावावर का टाकायचे नाहीत? झिमरचं संगीत हा प्रश्न विचारू देत नाही.

श्रेयनामावली संपेपर्यंत बसलो. अर्पण लेजरला आणि कॉनवे विक्लिफला. विक्लिफ स्पेशल इफेक्ट्सचा तंत्रज्ञ. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये एका स्टंटच्या सरावात गेला. उलटलेल्या ट्रकला टाळ्या देताना हे नावही सांगायचं.

४ जुलै

क्लिपचा क्रम: दरोडा (आवाज बंद, मग आवाजासह), पाठलाग बाणांसह, ट्रक उलटणं, चौकशी पूर्ण, पार्टीचा तो एक कट, शेवट आवाजाशिवाय. हाँगकाँग गाळलं. टॉवरच्या टोकावर उभा बॅटमॅन देखणा आहे, पण त्यावर मला बोलण्यासारखं काही नाही. सोनार तोंडी.

ताई म्हणाल्या, चौकशीचा प्रसंग मध्ये थांबवू नका. नाहीच थांबवणार.

६ जुलै

सत्र झालं. बाणांवर वाद होईल असं वाटलं होतं, झाला नाही. उलट दोघांनी आणखी दोन घोळ दाखवले. वाद पेटला तो शेवटावर. एक निवृत्त वकीलकाका उठले. त्यांचा मुद्दा असा: डेंटने पाचशेहून जास्त गुंडांना एका दमात आत टाकलंय, तो खुनी ठरला तर ते सगळे खटले कोसळतील, म्हणून त्याचं नाव स्वच्छ राहायलाच हवं. बरोबर. चित्रपटही तेच म्हणतो. मी विचारलं, पण काका, जोकरवर ढकललं तरी नाव स्वच्छच राहतं ना? मग बॅटमॅनने का पळायचं? काका म्हणाले, कोर्टात म्हणाल तर काहीच कारण नाही. मागून कुणीतरी ओरडलं, तो पळाला नाही तर पुढचा भाग कसा येईल! आणि खरंच, २०१२ चा तिसरा चित्रपट याच खोट्यावर उभा आहे.

वकीलकाकांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पुढच्या भागाचं कर्ज आधीच्याने फेडायचं नसतं. हॉलची वेळ संपली होती, चौकीदार दारात उभा. डिस्क काका घरी घेऊन गेले, त्या रात्रीचे तास मांडून बघतो म्हणाले, जोकर पकडला जातो कधी आणि डेंट शेवटची गोळी झाडतो कधी. ती मांडणी आली की इथे लिहीन.